पेढी, माजघर आणि चैत्यालय : व्यापाऱ्यांच्या जुन्या वाड्यांचा वारसा

कोणत्याही गावाचा इतिहास पाहू जाता किल्ला, वेस, मंदिर आणि मशीद यांची वर्णने सहज हाती लागतात. राजे, सरदार आणि लढाया यांच्या तारखाही मिळतात. परंतु ज्या घराच्या ओसरीवर गावाची तूर आणि जवारी मोजली गेली, ज्याच्या पेढीवरील आकड्यांच्या आधारे पेरण्या झाल्या, लग्ने पार पडली आणि सरकारसारा भागला, त्या व्यापाऱ्याच्या घराविषयी दोन ओळीही क्वचितच आढळतात. बाजारभाव, वजनमापे आणि करआकारणी यांविषयी आपण नित्य बोलतो व लिहितो. ते योग्यच आहे. परंतु ज्या छपराखाली हा व्यापार वाढला त्या छपराविषयीही काही लिहावे, असे आम्ही यंदा योजिले आहे. कारण ते छप्पर आपल्या डोळ्यांदेखत उतरविले जात आहे.

भालकीचा काळ आणि पेठेचे घर

अठरावे शतक आपल्या या भागास शांततेचे गेले नाही. सेनापती धनाजी जाधव यांचे पुत्र चंद्रसेन जाधव यांचे १७११ मध्ये शाहू छत्रपतींशी बिनसले. पुढे ते निजामाच्या पदरी गेले व त्यांना भालकीची जहागीर मिळाली. येथील गढीचा संबंधही परंपरा जाधव घराण्याशीच जोडते. शेजारी उदगीर येथे १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. १७९५ मध्ये खर्ड्याची लढाई झाली. मराठे आणि निजाम यांच्या फौजा याच मुलखातून येत-जात राहिल्या. फौजेस दाणागोटा लागे, हत्तीघोड्यांस वैरण लागे, शिपायांच्या पगारास रोकड लागे. ही गरज भागविणारा सावकार आणि व्यापारी दोन्ही सत्तांस हवा असे, आणि लुटीच्या वेळी दोन्हीकडच्या पेंढाऱ्यांच्या डोळ्यांवरही तोच येई.

हे ध्यानात घेतले म्हणजे जुन्या वाड्याची बाहेरची मुद्रा उलगडते. रस्त्याकडील भिंत जाड व जवळजवळ निर्विकार, खिडक्या उंचावर आणि लहान, दरवाजा भक्कम आणि त्यात एकाच माणसाने वाकून आत यावे अशी दिंडी. आतली श्रीमंती बाहेरून दिसू नये, हीच त्या भिंतीची इच्छा. ज्याने चौकात पाऊल टाकले त्यालाच ती दिसावी. भालकी, बिदर, उदगीर, हुमनाबाद, कल्याण या पट्ट्यात आज जे वाडे उभे आहेत त्यांपैकी बहुतेक पुढील शतकात बांधलेले वा पुन्हा उभारलेले असावेत. परंतु त्यांचा आराखडा पेशवाईच्या काळात सर्वत्र रूढ झाला तोच होय.

एका छपराखालची व्यवस्था

वाड्याची रचना आमच्या तरुण सभासदांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल, पण ती कशासाठी होती हे त्यांना कोणी सांगितले नसेल. म्हणून ती क्रमाने सांगतो.

प्रथम जोते. ते घडीव दगडाचे, पुरुषभर नसले तरी कमरेइतके उंच. पावसाचे पाणी आणि वाळवी यांपासून लाकडाचे रक्षण करणारे. त्यावर दगडी उथळी आणि उथळ्यांवर सागवानी खांब. खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, आणि त्यावर मातीचे माळवद. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. घर किती मोठे हे हातांत वा फुटांत सांगत नसत. ‘इतक्या खणांचा वाडा’ असे म्हणत. भिंती दगडमातीच्या, वर पांढरीच्या मातीचा गिलावा. बिदरच्या पठारालगत जांभा सापडतो, तेथे जांभ्याचेही चिरे दिसतात. लाकडावरील कोरीव कामाची या प्रदेशास जुनी सवय आहे. बिदरच्या किल्ल्यातील रंगीन महालाचे कोरीव लाकडी खांब सोळाव्या शतकापासून त्याची साक्ष देत आहेत. राजमहालातील ती कला पुढे व्यापाऱ्याच्या दाराच्या गणेशपट्टीवर, खांबाच्या केळफुलावर आणि झरोक्याच्या जाळीवर उतरली.

दरवाजातून आत आले की देवडी, आणि देवडीलगत पेढी. पेढीवर पांढरी गादी, तक्के, उतरती मेज, भिंतीत तिजोरी. येणारा शेतकरी पायऱ्यांवर वा ओसरीवर बसे. तेथपर्यंत कोणालाही मज्जाव नसे. त्यापुढे चौक. चौकात धान्य उन्हात वाळे, पाखडले जाई, पोती भरली जात. चौकाच्या एका अंगास तळघर वा पेव आणि जाड भिंतीत बळद. धान्यास कीड लागू नये म्हणून त्यात कडुनिंबाचा पाला आणि राख घालीत. हे केवळ नुकसान टाळण्यासाठी नव्हते. कीड लागल्यावर ती मारण्याची पाळीच येऊ नये, हा जैन व्यापाऱ्याचा त्यामागील विचार होता.

चौकापलीकडे सोपा आणि माजघर. येथून पुढे घर स्त्रियांचे. माजघरास उजेड बेताचा. माळवदातील साण्यातून दुपारी एक प्रकाशाची काठी उतरे, तेवढाच. स्वयंपाकघरात चुलीवर आणि पाण्याच्या घडवंचीवर कापडाचा चांदवा ताणलेला असे, म्हणजे वरून पडणारा जीव अन्नपाण्यात पडून मरू नये. आडाचे पाणी जाड कापडाने गाळून घेत आणि गाळण्यावर राहिलेले जीव त्याच आडात हलकेच परत सोडीत. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकावयाची म्हणून पेढीसही वेळेचे बंधन पडे. दिवस मावळताना दिवाणजी वही मिटीत, ते हिशेब संपला म्हणून नव्हे, तर घरात पाने मांडली जात म्हणून.

आणि सर्वांवर, माडीवर, चैत्यालय. श्वेतांबर बंधू त्यास घरदेरासर म्हणतात. त्याच्या वर कोणाचे निजणे-बसणे येऊ नये म्हणून ते घराच्या माथ्यावर. सकाळी अभिषेक-पूजन आटोपून घरधनी जिना उतरे, तो थेट पेढीवर येई. त्या जिन्याच्या पायऱ्या दहा-बाराच, पण आमच्या मते संपूर्ण वाड्याचे मर्म त्या पायऱ्यांत आहे. वर जे व्रत घेतले ते खाली तराजूपर्यंत पोहोचते की नाही, याची परीक्षा रोज सकाळी त्या जिन्यावर होत असे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे ठेवणे आणि भेसळीचा व्यवहार करणे यांची स्पष्ट गणना आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. दिवाळीस, म्हणजे भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या पर्वावर, नवी वही पेढीवर पूजली जाई. त्यामागेही हाच संबंध आहे.

घराने काय सांभाळले

वाडा माणसांस सांभाळतो, मालास सांभाळतो, तसाच कागदांसही सांभाळतो. याचे एक उदाहरण आपल्याच प्रदेशातून निघते.

कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. दहाव्या शतकात तेथे पुष्पदंत नावाचा अपभ्रंश भाषेचा महाकवी राहत होता. राष्ट्रकूटांचा मंत्री भरत आणि त्याचा पुत्र नन्न यांच्या आश्रयाने, त्यांच्याच घरी राहून, त्याने आपली काव्ये रचिली. महापुराण ९६५ मध्ये पूर्ण झाले. पुढे ९७२ मध्ये माळव्याच्या परमारांनी मान्यखेट लुटले. राजधानी ओसाड झाली. पण काव्ये नष्ट झाली नाहीत. मळखेडच्या भट्टारक परंपरेचा धागा विदर्भातील कारंजा या व्यापारी गावी गेला. तेथील भट्टारक स्वतःस मळखेडच्या सिंहासनाचे अधिपती म्हणवीत. याच परंपरेची एक शाखा लातुरास होती व आपल्या भागातील सैतवाळ समाज तिला मानीत असे.

कारंज्यात बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ अशा तिन्ही परंपरांची मंदिरे आहेत आणि त्यांभोवती व्यापाऱ्यांची घरे आहेत. तेथील एका धनिकाने उंटांवरून आलेली सारी कस्तुरी विकत घेऊन आपल्या हवेलीच्या बांधकामात कालविली, अशी आख्यायिका लोक अद्याप सांगतात. कस्तुरीचा वास केव्हाच उडून गेला. टिकली ती पोथ्यांची भांडारे. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा या भांडारांचे मोल जगास कळले. चवरे घराण्याच्या नावाने निघालेल्या ग्रंथमालेत १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’ छापून निघाले. १९३३ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेले ‘णायकुमारचरिउ’ही कारंज्याहूनच प्रसिद्ध झाले. मान्यखेटच्या एका गृहस्थाच्या घरी लिहिले गेलेले काव्य साडेनऊशे वर्षांनी व्यापाऱ्यांच्या गावातून, व्यापाऱ्याच्या द्रव्याने, पुन्हा उजेडात आले.

दुसरे उदाहरण वाईजवळील मेणवलीचे. तेथे नाना फडणीसांनी कृष्णाकाठी वाडा बांधला. त्या वाड्यात राहिलेले दप्तर पुढे पेशवाईच्या इतिहासाचे मोठे साधन ठरले. पुण्यातील शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला व त्याची जोतीच काय ती उरली. मेणवलीचा वाडा टिकला म्हणून कागद टिकले. आपल्या वाड्यांतील मोडी रोजकीर्दी, खतावण्या आणि हुंड्यांच्या नकला हे असेच दप्तर होय. कोणत्या सालात जवारीचा भाव काय होता, हाली सिक्क्याचा बट्टा किती बसे, दुष्काळात कोणास किती धान्य उसने दिले, हे सारे त्यांत आहे. हे कागद आज रद्दीच्या भावाने जातात.

इतरत्र काय झाले

आपल्यासारखीच घरे इतर देशांतील व्यापाऱ्यांनीही बांधली. फ्रान्सच्या पश्चिमेस नांत नावाचे बंदर आहे. तेथे १७२० नंतरच्या दशकांत व्यापाऱ्यांनी लवार नदीतील फेदो नावाच्या वाळूच्या बेटावर लाकडी मेखा ठोकून दगडी घरांच्या रांगा उभ्या केल्या. खाली वखार, वर कचेरी, त्यावर धन्याचे बिऱ्हाड, लोखंडी नक्षीचे सज्जे आणि कमानींच्या माथ्यावर कोरलेले दगडी चेहरे. काही घरे वाळूत खचून कलली, ती आजही तशीच कललेली दिसतात. रचना पाहता आपला वाडा आणि हे घर यांत भावंडांचे साम्य आहे. फरक द्रव्याच्या उगमात आहे. नांत हे गुलामांच्या व्यापाराचे फ्रान्समधील सर्वांत मोठे बंदर होते, आणि त्या घरांच्या संपत्तीत त्या व्यापाराचा मोठा वाटा होता. तेथील लोकांनी ही गोष्ट झाकली नाही. घरे जपली, आणि २०१२ मध्ये नदीकाठी गुलामगिरीच्या निर्मूलनाचे स्मारकही उभारले.

फ्रान्सने १९६२ मध्ये तत्कालीन सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या पुढाकाराने एक कायदा केला. त्यापूर्वी एकेक थोर इमारत निवडून तिचे रक्षण होत असे. या कायद्याने जुन्या वस्तीचा संपूर्ण भाग एकत्र राखण्याची सोय झाली, कारण साध्या घरांच्या रांगेवाचून थोर घरास अर्थ उरत नाही. आपल्या देशात जैसलमेर येथे गुमानचंद पटवा यांच्या घराण्याच्या पाच हवेल्या आहेत. १८०५ च्या सुमारास त्यांचे काम सुरू झाले. त्यांतील काही सरकारकडे आहेत, एक खाजगी संग्रहालय म्हणून चालते. अहमदाबादच्या पोळांतील लाकडी हवेल्या आणि घरदेरासरे तर आजही नांदती आहेत. १९९७ मध्ये तेथे जुन्या शहरातून फेरी काढून लोकांस घरे दाखविण्यास प्रारंभ झाला. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, भारतातील पहिले जागतिक वारसा शहर म्हणून त्याची नोंद झाली. प्रारंभ झाला तो केवळ पायी फिरण्यापासून, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

उजेडाबरोबर सावलीही

नांतच्या लोकांनी आपला हिशेब उघड मांडला, तसा आपणही मांडावयास हवा. वाड्याच्या पेढीवर जशी अडीनडीस मदत मिळे, तशीच शेते गहाणही पडत. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जखती जाळली. दंगा पुणे-नगर भागात पसरला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. ज्यांची घरे लुटली त्यांत मारवाडी व गुजराथी सावकार पुष्कळ होते. त्या खतांवरील सारेच आकडे न्यायाचे होते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. माजघरातील मंद उजेडात ज्या स्त्रियांचे आयुष्य गेले, त्यांची नावे वहीत कोठेच येत नाहीत, हेही तितकेच खरे. वारसा जपावयाचा तो समग्र जपावा. जिन्याची आणि तराजूची गोष्ट सांगणाऱ्याने गहाणखताची गोष्ट गाळू नये.

वाडे का पडतात

१९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना होऊन भालकी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आली. व्यापार वाड्यातून बाजार समितीच्या आवारात गेला, डाळ गिरण्या गावाबाहेर गेल्या, मुले शिक्षणास्तव हैदराबाद, पुणे, बंगळूरकडे गेली. पेढी रिकामी झाली तेव्हाच वाड्याचा अर्धा प्राण गेला होता.

मोठा घाव बसला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारीच्या भूकंपात जवळजवळ दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. आपल्या भागात त्या पहाटेपासून माळवदाखाली निजण्याची धास्ती घराघरांत शिरली, आणि ती अकारण नव्हती. परंतु जाणत्यांनी पाहणी केली तेव्हा एक गोष्ट आढळली. जेथे छपराचा भार भिंतींवर होता तेथे भिंतीबरोबर छप्परही कोसळले. जेथे तो सागवानी खांबांवर होता तेथे पुष्कळदा भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. दरवर्षी माळवदावर नवी माती टाकत गेल्याने छपराचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाढले होते. तेच जीवघेणे ठरले. यास्तव जुना वाडा म्हणजे मृत्यूचा सापळा आणि सिमेंट म्हणजे अभय, असे सरसकट समीकरण मांडणे बरोबर नाही. जादा माती उतरविणे, भिंतीत आरपार जाणारे बांधदगड घालणे, खांब-तुळयांचे सांधे आवळणे, हे उपाय माहीत आहेत आणि नव्या घराच्या मानाने स्वस्तही आहेत. मात्र ते जाणकार अभियंत्याच्या सल्ल्यानेच करावेत.

परंतु भूकंपाहूनही जास्त वाडे वाटणीने पाडले. चौकाच्या मध्यावर भिंत आली की ऊन एकाच्या वाट्यास जाते आणि आड दुसऱ्याच्या. तुळई मध्यावर कापता येत नाही. मग कोणीतरी सुचवितो की लाकूड विकून पैसे वाटून घ्यावेत. शहरातून दलाल येतो, कोरीव दरवाजा गाडीत घालतो, आणि तो दरवाजा पुढे कोठल्या तरी उपाहारगृहाच्या भिंतीस शोभा म्हणून टेकविला जातो. भाऊ भावास दोष देतो. आम्ही कोणासच दोष देत नाही, कारण गळणारे माळवद दरवर्षी दुरुस्त करण्याचा खर्च आणि चार घरांचे एकमत, या दोन्ही गोष्टी दुर्मीळ आहेत हे आम्ही जाणतो.

काय करता येईल

सरकारी पुरातत्त्व खात्याकडे किल्ले आणि मकबरे यांचीच जबाबदारी एवढी मोठी आहे की खाजगी वाड्यांसाठी त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. म्हणून सभासद कुटुंबांपुढे आम्ही पाच सूचना ठेवितो.

पहिली, ज्या कुटुंबाने वाडा उतरविण्याचे ठरविले असेल त्याने एक महिना अगोदर संघास कळवावे. पाडू नका असे सांगण्यासाठी कोणी येणार नाही. छायाचित्रे आणि मोजमापे घेण्यासाठी येतील. आपल्या गावीच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांस हे काम अभ्यास म्हणूनही उपयोगी पडेल.

दुसरी, वह्या रद्दीत देऊ नयेत. ज्यांस नको असतील त्यांनी त्या संघाकडे द्याव्यात. कोणाचे देणे-घेणे उघड होईल अशी भीती वाटत असेल, तर शंभर वर्षांपूर्वीच्याच वह्या द्याव्यात. मोडी वाचणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. दोन तरुणांस मोडी शिकविण्याचा खर्च एका मेजवानीहून कमी येईल.

तिसरी, वाटणीपत्र करताना चैत्यालय, चौक आणि आड अविभक्त ठेवावेत. बाकीचे खण खुशाल वाटावेत. पूर्वजांच्या कित्येक वाटणीपत्रांत अशी कलमे आढळतात. ती शहाणपणाची होती.

चौथी, घरातील वृद्ध स्त्रियांस विचारून घ्यावे. कोणत्या कोनाड्यात काय असे, चांदवा केव्हा बदलीत, दुष्काळात चौकात काय शिजे, हे वहीत नाही, त्यांच्या स्मरणात आहे.

पाचवी आणि कठीण, गावातील एक तरी वाडा सर्वांनी मिळून राखावा. तेथे पाठशाळा भरावी, ग्रंथालय असावे, चातुर्मासात प्रवचन व्हावे, एका खोलीत जुनी मापे, तराजू आणि वह्या मांडाव्यात. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात पेशवाई संपताच, १८२१ मध्ये, संस्कृत पाठशाळा भरू लागली, आणि नव्या उपयोगाने तो वाडा पुढील काळात वापरात राहिला. रिकामी वास्तू वाळवीची होते. वापरातली माणसांची राहते.

आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळी परगावचा व्यापारी मालाची किंमत ठरविण्यापूर्वी वाडा पाहून घेत असे. जोते भक्कम आहे ना, दिवाणजी जुने आहेत ना, माडीवर सकाळी घंटा वाजते ना, एवढे पाहून तो हजारोंचा माल शब्दावर सोडून जाई. आज ते काम बँका आणि कागदपत्रे करितात. परंतु माल देणारा अजूनही माणूस पाहतोच. ज्या घराने तो शब्द कमावला ते घर आपण कसे वागविले, हे पुढील पिढी आपल्याकडे पाहून ठरवील. सभासद बंधु-भगिनींनी या विषयावर येत्या वार्षिक सभेत आपापली मते मांडावी, आणि ज्यांच्याकडे वाडा अद्याप उभा आहे त्यांनी या पावसाळ्यापूर्वी एकदा माळवदावर चढून पाहावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

जय जिनेंद्र.